शेवटची चाळीस पानं

पेपर तपासून तपासून माझे डोळे गेले, हे मी कुणालाही सांगते आणि कुणालाही ते खरं वाटत नाही. लोकांना वाटतं, मास्तरीण म्हणजे बसून खायची नोकरी. एकतीस वर्षं मी पोरापोरींना इंग्रजी शिकवलं, आणि त्यातली निम्मी तर उजळणीतच गेली. सिम्बॉल म्हणजे काय, आयरनी म्हणजे काय, लिहा, पाठ करा, विसरा. दरवर्षी पोरं नवी आणि उजळणी तीच. आता निवृत्त होऊनही सकाळी उठते ती घसा कोरडा घेऊनच, जणू आत्ताच तास संपवून आले. पण त्या सगळ्या उजळण्यांमधली एकच माझ्या अंगाला चिकटून राहिली आहे, आणि ती मी शिकवलेली नव्हे, बाकावर बसून ऐकलेली. तिच्याबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. आता टाळायचाही कंटाळा आला आहे.

आमचं गाव शेलूबाजारपासून पायी अर्ध्या तासावर. बाबा जनावरांच्या दवाखान्यात शिपाई होते. डॉक्टर सुई टोचायचे आणि शिंगं बाबा धरायचे, त्यामुळे घरात कुणी कितीही आवाज चढवला तरी ते जागचे हलत नसत. अंगाला फिनेलचा वास, खिशात कापसाचा बोळा. आल्यावर आधी न्हाणीत, मग रेडिओ, मग भाकर. माय चुलीपुढं असायची आणि तिच्या हाताला सतत काहीतरी काम असायचं. हिवाळ्यात तर तुरीच्या शेंगांचा ढीग मधोमध पडलेला आणि आम्ही तिघी बायका त्याच्याभोवती. सोलता सोलता अर्धे दाणे तोंडात जायचे, उरलेल्याची आमटी व्हायची. त्या आमटीचा आणि ज्वारीच्या गरम भाकरीचा वास आला की अजूनही मला परीक्षा जवळ आल्यासारखं वाटतं. बिचाऱ्या आमटीचा त्यात काय दोष.

तिघी म्हणजे माय, मी आणि विमलमावशी. मावशी मायची धाकटी बहीण. कामरगावला दिली होती, आणि मी शाळेत असतानाच एका सकाळी नेसत्या लुगड्यानिशी आमच्या दारात येऊन उभी राहिली. पाठीवर काय होतं ते मायनं मला पाहू दिलं नाही. बाबांनी काही विचारलं नाही, फक्त एक खाट जास्तीची आणली. मावशी दुसऱ्याच दिवसापासून लोकांच्या वावरात निंदायला जायला लागली. तिकडं कामरगावात तिच्या नवऱ्याला दुसरी करायची होती, आणि पहिली पळून गेली असं सांगितलं तर पोरगी कोण देणार? म्हणून त्यांनी सांगून टाकलं की पहिली साप चावून मेली. बस. सोयरीक जुळली, लग्न झालं, आणि आमची मावशी कामरगावापुरती मेली. एकदा शेलूबाजारच्या बाजारात तिकडची एक बाई तिला पाहून मिरच्यांची टोपली तशीच टाकून पळाली होती. मावशी त्या मिरच्या भरून ठेवून अर्धा तास टोपलीजवळ बसली, शेवटी दुसऱ्या कुणाच्या हाती ती धाडली. मायला ते ऐकून रडू आलं. बाजारात जात जाऊ नको म्हणाली. मावशी म्हणाली, "मेलेलं कोंबडं आगीले भेत नाई, बाई." आणि पुढच्या बाजारालाही गेली.

मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. तालुक्याच्या गावाला कॉलेज, जायला जीप. जीपमध्ये चौदा माणसं, दोन बकऱ्या आणि मी, मांडीवर वही. इंग्रजी वाङ्मय घेणारे आम्ही अवघे अकराजण होतो. मला एम.ए. करायला अमरावतीला जायचं होतं. का, ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं. जीपमधून उतरायचं होतं, एवढंच कळत होतं. बाबांनी शिंगं धरल्यासारखं एकच वाक्य धरून ठेवलं होतं. इंग्रजीत पंचावन्न टक्क्यांच्या वर आले तर अमरावती, नाहीतर किन्हीराजा गावचा मुलगा पाहिलेला आहे, त्याच्या घरच्यांना उन्हाळ्यात होकार द्यायचा. मुलगा वाईट नव्हता, बाबाही वाईट नव्हते. पण सगळं त्या एका विषयावर येऊन टेकलं होतं, आणि त्या विषयात एक आख्खा पेपर एका कादंबरीवर होता.

कादंबरी इंग्लंडातल्या कुण्या जुन्या बाईनं लिहिलेली. थोर मानलेली, जाडजूड. नायिका प्रुडन्स. तिचा नवरा नदीकाठच्या गिरणीचा मालक, बायकोला कुलपात ठेवणारा. आम्हाला हे ठाऊक होतं ते कादंबरी वाचून नव्हे. कादंबरी कोण वाचतो! कॉलेजात तिची एक प्रत होती आणि ती काचेच्या कपाटात, पोरांनी फाडू नये म्हणून कुलपात. आम्ही वाचायचो तो गाइड. गाइडही नवा कुणी घेत नसे, वरच्या वर्गातून खालच्या वर्गात उतरत यायचा, आधीच्यांनी मारलेल्या लाल-निळ्या रेघांसकट. ज्या वाक्याखाली तीन रंग ते हमखास येणार. सर्वांत जास्त रेघा शेवटच्या प्रश्नाखाली होत्या. एका धुक्याच्या पहाटे प्रुडन्स आपली शाल पुलावर ठेवते आणि नदीत जीव देते. शाल हा मृत्यूचा सिम्बॉल, नदीचं वर्णन हे फोरशॅडोइंग, म्हणजे पुढच्या अरिष्टाची आधीच दिलेली चाहूल, आणि एकूण कादंबरी ही ट्रॅजेडी.

इंगोले सर आम्हाला शिकवत. अकोल्याहून बसनं यायचे, येतानाच दमलेले असायचे. नोट्सची वही इतकी जुनी की पानं उलटताना तुकडे पडायचे, ते ते खिशात ठेवत. जानेवारी लागला की त्यांची उजळणी सुरू व्हायची. ते डोळे मिटून विचारायचे, आम्ही अकराजण एका सुरात व्याख्या म्हणायचो, पाढे म्हटल्यासारख्या. पॉइंट ऑफ व्ह्यू म्हणजे? गोष्ट ज्याच्या नजरेतून सांगितली जाते ती बाजू. क्लायमॅक्स म्हणजे? क्लायमॅक्स सांगताना सरांना हमखास जांभई यायची. मी हसायची तेव्हा. पुढं मलाही यायला लागली.

त्याच हिवाळ्यात कॉलेजच्या कपाटांना वाळवी लागली. सगळी पुस्तकं बाहेर काढून मैदानात सतरंज्यांवर उन्हात टाकली आणि झटकायच्या कामाला आम्हा मुलींना लावलं, झटकणं-झाडणं आलं की मुलीच आठवतात. तिथं मला ती कादंबरी सापडली. पुठ्ठा खाल्लेला, आतलं शाबूत. ग्रंथपाल म्हणाले, ने, नाहीतरी ती आता कपाटात ठेवायच्या लायकीची राहिली नाही. मी ओढणीत गुंडाळून जीपमधून घरी आणली.

मग रोज संध्याकाळी मी डिक्शनरी घेऊन दहा-बारा पानं लावायची, आणि शेंगा सोलायला बसले की माय-मावशीला ती आमच्या भाषेत सांगायची. माय अर्धी ऐकायची, अर्धी चुलीकडं. मावशीचे हात मात्र थांबायचे. प्रुडन्स तिच्या तोंडात बसेना, तिनं तिची परूबाई केली. वावरातून आली की पाय धुवायच्या आधी विचारायची, परूबाईचं काय झालं? नवऱ्यानं तिच्या खोलीची चावी कमरेला लावली, असं मी सांगितलं तेव्हा मावशी म्हणाली, "हाव, लावतेत." एवढंच. मी तिला त्या सगळ्या संज्ञाही सांगायची, तेवढीच माझी उजळणी. सिम्बॉल तिला पटला नाही, शाल म्हणजे शाल. पॉइंट ऑफ व्ह्यू मात्र तिनं दोनदा समजावून घेतला. मग म्हणाली, म्हणजे जो आधी सांगते त्याचंच खरं होते. व्याख्येत असं नाही, मी म्हटलं. आज इतकी वर्षं शिकवून मी म्हणते, व्याख्येत ते असायला हवं होतं.

पुलावरच्या शालीपाशी मी आले तेव्हा मला वाटलं, झालं, संपलं. मावशीनं त्या दिवशी आमटी खाल्ली नाही. पण पुस्तक संपलं नव्हतं. पुढं चाळीस पानं होती! गाववाले नदीत गळ टाकतात, शोक करतात, नवरा काळे कपडे घालतो, आणि मग शेवटच्या प्रकरणात दूरच्या एका गावात एक बाई टोप्या शिवत बसलेली आहे. तीच. प्रुडन्स. शाल तिनं मुद्दाम ठेवली होती. एक गिऱ्हाईक तिच्यासमोर तिच्याच मरणाची गोष्ट सांगतं, आणि ती दोरा तोडते आणि म्हणते, बिचारी. तिथं कादंबरी संपते. मी ते पान तीनदा वाचलं, डिक्शनरी पुन्हा पुन्हा उघडली, माझंच काही चुकत असेल म्हणून. चुकलं नव्हतं. गाइड लिहिणारा गृहस्थ शालीपाशी थांबला होता. त्याला कंटाळा आला असेल. त्याच्या कंटाळ्यावर किती वर्षं आमच्या भागातली पोरं पास होत होती देव जाणे.

मावशीला मी हे सांगितलं तेव्हा ती आधी हसली, तोंडाला पदर लावून, इतकी की माय रागावली. मग म्हणाली, परत सांग. मी परत सांगितलं. ते "बिचारी" तिनं माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. नंतर ती बराच वेळ शेंगा सोलत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही तिला भान नव्हतं. मायनं माझ्याकडं अशी नजर टाकली की मी पुस्तक मिटलं.

दुसऱ्या दिवशी उजळणीत शेवटचा प्रश्न आला. सरांनी डोळे मिटून विचारलं, एंडिंग? दहाजण म्हणाले, ट्रॅजिक. मी उभी राहिले आणि म्हटलं, सर, ती मरत नाही. मला वाटलं होतं सर चकित होतील, पुस्तक मागतील. त्यांनी एक डोळा उघडला, बस म्हणाले आणि पुढची व्याख्या विचारली. पोरं खुदखुदली. माझे कान तापले. तास संपल्यावर मी पुस्तक घेऊन त्यांच्यामागं एस.टी. स्टँडपर्यंत गेले. सर बाकावर बसले होते, पायातली चप्पल काढून. मी शेवटचं पान उघडून त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी ते पाहिलंसुद्धा नाही.

"मले माहीत हाय," ते म्हणाले. वर्गात सर असं बोलत नसत. "नोकरीले लागलो त्याच साली वाचली होती मी."

मग सांगत का नाही, मी विचारलं. सर म्हणाले, पहिल्या वर्षी सांगितलं होतं. त्या वर्षी चार पोरांनी ती जिवंत लिहिली आणि चारही त्या पेपरात नापास झाली. त्यातल्या एकाचा बाप भांडायला आला होता. सर विद्यापीठाला पत्र लिहून थकले, उत्तर आलं नाही. प्रश्न काढणारा, पेपर तपासणारा, सगळे त्याच गाइडवर वाढलेले. "परीक्षेत तिले मारून ये, पोरी. तुले अमरावतीले जायचं हाय ना? मंग गपगुमान मारून ये." बस आली. सर चप्पल चढवून उठले आणि गर्दीत शिरले. त्यांचा मला तेव्हा भयंकर राग आला होता. भेकड माणूस, असं मी मनात म्हटलं. आज त्यांच्या वयाच्याही पुढं आले आहे मी. आता म्हणवत नाही.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. बाबा रेडिओ बंद करून म्हणाले, मास्तर शहाणा आहे, तो सांगतो तसं कर. मायनंही मान हलवली. मावशी भाकर थापत राहिली. पण परीक्षेच्या आदल्या दिवशी मी अंगणात पाठांतर करत बसले होते, तेव्हा ती वावरातून आली आणि इळा खाली न ठेवताच माझ्यासमोर उकिडवी बसली.

"कुंदे," म्हणाली, "तू लिवजो, जिती हाये म्हनून. तुले माहीत हाये, तुनं वाचलं. कोनीतरी एक डाव तसं लिवलं पायजे व."

मी म्हटलं, मावशी, नापास होईन. ती म्हणाली, हाव, ते बी हाये. आणि मग म्हणाली की तिनं आयुष्यात माझ्याजवळ काही मागितलं नव्हतं. ते खरंच होतं. उलट माझी फी, माझी ओढणी, माझी डिक्शनरी, सगळ्यात तिच्या निंदणीचे दिवस होते. मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं होतं, हे मी आज शपथेवर सांगते.

पेपरात प्रश्न आला तो असा: प्रुडन्सच्या शोकात्म मृत्यूची कारणमीमांसा करा. म्हणजे प्रश्न काढणाऱ्यानं तिला आधीच मारून ठेवलं होतं. पण मला पळवाट होती, आणि ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. खाली "अथवा" होतं. कादंबरीतल्या पॉइंट ऑफ व्ह्यूवर टिपण लिहा. ते घेतलं असतं तर ना तिला मारावं लागलं असतं, ना मावशीला दिलेला शब्द मोडला असता. पण त्याचं उत्तर माझं मला तयार करावं लागलं असतं, आणि मृत्यूचं उत्तर तोंडपाठ होतं, तीन रंगांच्या रेघांसकट. मी घड्याळ पाहिलं. हात आपोआप चालायला लागला. शाल, धुकं, नदी, फोरशॅडोइंग. साडेतीन पानं लिहिली. इतकं सुंदर अक्षर माझं पुन्हा कधी आलं नाही. शेवटी एक ओळ मी माझ्या पदरची घातली, की अशा स्त्रीला मरणावाचून दुसरा मार्गच नव्हता. ती ओळ गाइडमध्ये नव्हती. ती का घातली, हे मला अजून कळलेलं नाही, आणि त्या ओळीची मला जी लाज वाटते ती दुसऱ्या कशाचीच वाटत नाही.

जीपमधून उतरले तर मावशी रस्त्यावर उभी. तिनं डोळ्यांनीच विचारलं. मी म्हटलं, "हाव, जिती लिवली." तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. हाताला मातीचा आणि पाल्याचा वास होता. पुढचे दोन महिने ती गावातल्या बायकांना सांगत फिरली की आमच्या कुंदीनं परीक्षेत खरं लिहिलं, मार्क जावोत नाहीतर राहोत. बायकांना त्यातलं काही कळलं नाही. मला घरात बसवेना. किन्हीराजाहून निरोप आला, बाबांनी निकालापर्यंत थांबा म्हणून कळवलं. निकाल लागला तेव्हा इंग्रजीत मी कॉलेजात पहिली होते, पंचावन्नच्या पुष्कळ वर. कादंबरीच्या पेपरात सर्वांत जास्त. बाबा दवाखान्यातून कधी नव्हे ते मधल्या वेळेत घरी आले आणि पेढ्यांचा पुडा मायच्या हाती देऊन तसेच परत गेले. मावशीनं पेढा खाल्ला आणि इळा घेऊन वावरात गेली.

पुढं मीही परीक्षक झाले. पहिल्याच वर्षी तीच कादंबरी, साठ पेपर. साठांपैकी साठ पोरांनी तिला बुडवली. मी प्रत्येकाला नमुना उत्तराप्रमाणं मार्क दिले, लाल शाईनं बेरीज केली आणि गठ्ठा बांधला. एक जरी जिवंत निघाली असती तर मी काय केलं असतं, याचा विचार मी आता करत नाही. दोन-तीन वर्षांनी अभ्यासक्रम बदलला आणि कादंबरीच गेली.

अमरावतीला निघाले त्या सकाळी बाबा ड्यूटीवर होते, मायला गलबलून आलं म्हणून ती दारातच थांबली. मावशी माझी पेटी डोक्यावर घेऊन हायवेपर्यंत आली. आम्ही जीपची वाट पाहत उभ्या होतो, आणि मला ते पोटात ठेववेना. मी म्हटलं, मावशी, एक सांगायचं आहे. तिनं पेटी खाली ठेवली आणि पदरानं मान पुसली.

"सांगू नोको," ती म्हणाली. "मार्क आयकले तवाच समजली मी. जिती लिवली असती तं इतले कोन देते?"

मला रडू फुटलं. मी तिचे हात धरले, माफ कर म्हणायला लागले. जीप आली, ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मावशीनं हात सोडवून घेतले, पेटी उचलून मागच्या सीटखाली सरकवली, नीट बसली का ते पाहिलं, आणि मला आत ढकलत म्हणाली,

"रडतं कायले? मले तं त्यायनं फुकटात मारलं व. तुले अमरावती तं भेटली."